वांड पोरींचं पुढे काय झालं?

(रेणापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचं निमंत्रणपत्रिकेवरचं नाव जरा जड आहे. ‘किशोरवयीन मुलींच्या वर्तनसमस्या आणि त्यांचे दूरगामी परिणाम.’ आपल्याकडे एवढं कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, पोरगी वांड आहे, आगाव आहे, शेफारली, हाताबाहेर गेली. आणि या वाक्यांच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा त्याच श्वासात, एक वाक्य येतं: आता उजवून टाका. दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मानसशास्त्रज्ञ नाही, डॉक्टर नाही. पण ‘ही पोरगी वांड आहे, म्हणून तिचं पुढे वाटोळं होणार’ हे विधान कार्यकारणाचं आहे. आणि कार्यकारण तपासणं हा आमचा जुना धंदा. म्हणून आज इतिहासातून हा प्रश्न विचारायचा आहे. ज्या मुलींना त्या त्या काळात वाईट वळणाच्या म्हटलं गेलं, त्यांचं पुढे नेमकं काय झालं? आणि जे झालं, ते कशामुळे झालं?

आधी एक आठवण सांगतो, कारण या प्रश्नाचं देणं माझ्याकडेही आहे.

१९६० नंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. आमच्या शाळेत वर्गात मुली मोजून पाच. त्यातली एक, नाव सांगत नाही, अशी की गुरुजींनी हाक मारली तर बघायची नाही. प्रश्न विचारला तर भलतंच उत्तर. मुलं हसली की पाटी फेकून मारायची. एकदा एका मुलाचं कपाळ फुटलं. मी वर्गाचा मॉनिटर. गुरुजी बाहेर गेले की दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं. तिचं नाव मी रोज लिहायचो. काही वेळा तिनं काही केलेलं नसतानाही लिहिलं, कारण कोणी विचारणार नव्हतं. सातवी पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झालं. गावाला बरं वाटलं. मलाही काही वाटलं नाही.

चाळीसएक वर्षांनी एका लग्नात ती भेटली. मीच ओळखलं. बोलता बोलता ती सारखी मान वळवून उजवा कान माझ्याकडे करत होती. मी विचारलं, कानाला काय झालं? ती हसली. म्हणाली, “ह्या डाव्या कानानं मला कधी ऐकूच आलं न्हाई बघ. लहानपणी लई वाहायचा. आता शिबिरात डॉक्टरनं सांगितलं, पडदाच न्हाई म्हणून. दुसराबी अर्धाच हाय. तू मॉनिटर व्हतास नव्हं?”

बास, एवढंच. तिनं माझ्यावर राग काढला नाही. पण त्या दिवसापासून ‘वांड’ हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. त्या मुलीला गुरुजींची हाक ऐकू येत नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला उद्धटपणा म्हटलं, आणि त्या उद्धटपणावर लग्न हा इलाज केला.

आता इतिहासाकडे वळू.

बिघडलेल्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न इंग्रज सरकारला पहिल्यांदा पडला तो मोठ्या शहरांत. १८५० साली उमेदवारीचा कायदा झाला. अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली द्यायचं आणि धंदा शिकवायचा. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारगृह उभं राहिलं. पुढे १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे आले. १८९७ च्या कायद्यात ‘बालगुन्हेगार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. ती अशी, की गुन्हा सिद्ध झालेला पंधरा वर्षांखालचा मुलगा. मुलगा! त्या व्याख्येत मुलगी नाहीच.

का नाही? मुली चुका करत नव्हत्या म्हणून का? तसं नाही. मुलींसाठी दुसरी सुधारशाळा आधीच होती. तिला सरकारी इमारत लागत नव्हती, निरीक्षक लागत नव्हता, खर्चही बापाच्या खिशातून व्हायचा. तिचं नाव सासर. मुलगा बिघडला तर त्याला धंदा शिकवा, मुलगी बिघडली तर तिला उजवा. एका बाजूला शिक्षेबरोबर निदान काहीतरी शिकवणं होतं. दुसऱ्या बाजूला जे थोडं शिकणं चाललं होतं तेही बंद. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या काळात सगळ्या हिंदुस्थानात ‘हाताबाहेर गेलेली’ म्हणून गाजलेली एक मुलगी पाहू. रखमाबाई. जन्म १८६४, मुंबई. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाची चाल होती. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. पण ती माहेरीच राहिली, घरी पुस्तकं वाचत राहिली. दादाजींनी नांदायला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, मी जाणार नाही.

१८८४ साली दादाजी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. अपील झालं, खटला परत आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन.

त्या वेळी वर्तमानपत्रांतून काय उसळलं होतं, त्याची कल्पना करा. पुण्याच्या सनातनी मंडळींनी आणि टिळकांच्या पत्रांनी तिच्यावर टीका केली. मुलींना शिकवलं की त्या अशा होतात, हा त्या टीकेचा गाभा. म्हणजे एका मुलीचं वागणं घेतलं आणि त्यातून सगळ्या मुलींच्या शिक्षणाचं भविष्य वर्तवलं. रखमाबाईनं स्वतः १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘ए हिंदू लेडी’ या टोपणनावाने पत्रं लिहिली. बालविवाहानं मुलीचं शिकणं कसं थांबतं, याबद्दल.

पुढे काय झालं? १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉक्टर एडिथ पिची यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला, निधी उभा राहिला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेली, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली. परत येऊन आधी सुरतेला, मग राजकोटला बायकांच्या रुग्णालयांत तिनं कितीतरी वर्षं काम केलं. १९५५ साली वारली, नव्वद वर्षांची होऊन. तिच्या खटल्यानं पेटलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला हातभार लागला. त्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. बारा! आणि त्यासाठीसुद्धा केवढं रण माजलं.

आता तुम्ही म्हणाल, सर, ती असामान्य होती. सगळ्या थोड्याच रखमाबाई असतात? बरोबर आहे. म्हणून मी तिच्या हुशारीकडे बोट दाखवत नाही. तिच्या आजूबाजूला काय होतं, ते बघा. पाठीशी उभे राहणारे सावत्र वडील. घरात पुस्तकं. समाजात घटस्फोट-पुनर्विवाहाची थोडीफार मोकळीक. खटला लढवण्याइतका पैसा. आणि शिकायला जायची एक जागा. यातलं काहीच नसतं, तर तीच मुलगी, तोच स्वभाव, तोच नकार, पण शेवट वेगळा झाला असता.

शेवट कसा होऊ शकत होता, तेही त्याच काळात दिसलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला मूल झालं, लोकलाजेच्या भीतीने तिनं ते मारलं. फाशी सुनावली गेली, नंतर अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी पुन्हा बायकांच्या वळणाची उजळणी सुरू केली. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. त्यांचा सवाल साधा होता. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत का? आणि बाईला त्या वाटेवर नेऊन कोणी सोडलं?

हा प्रश्न कृतीतून विचारणारेही होते. विजयालक्ष्मीच्या जवळपास वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाने तसंच गृह सुरू केलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, ते पुढे हिंगण्याला गेलं. शारदा सदनात शिकलेली गोदूबाई जोशी, आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, ती १८९३ मध्ये कर्व्यांची पत्नी झाली. पुढे तिनं स्वतःची कहाणी लिहिली, तीही मराठी वाचकांना माहीत आहे.

या सगळ्या घरांचं वैशिष्ट्य काय? त्यांनी मुलीला आधी ‘तू चांगली की वाईट’ असं विचारलं नाही. आधी दार उघडलं, जेवण दिलं, मग अक्षर दिलं. आणि समाजाने जिचं भविष्य आधीच लिहून टाकलं होतं, तिचं भविष्य बदललं. सगळ्यांचं बदललं असं मी म्हणत नाही. पण ‘हिचं पुढे काही खरं नाही’ ही भविष्यवाणी खोटी ठरू शकते, एवढं तरी सिद्ध झालं.

आता विसाव्या शतकात येऊ. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था निघाली आणि तिच्याबरोबर मुंबईत मुलांच्या वर्तनसमस्यांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. ही फार मोठी गोष्ट होती. पहिल्यांदाच कोणी म्हणालं, की मूल बिघडलं असेल तर त्याला मारू नका, लग्न लावू नका, आधी त्याच्याशी बोला, घर बघा, शाळा बघा.

पण कायद्याच्या मनातून जुनी भीती गेली नाही. १९६० चा मुलांचा कायदा आणि १९८६ चा बाल न्याय कायदा पाहा. मुलगा सोळा वर्षांपर्यंत बालक, मुलगी अठरा वर्षांपर्यंत. वरवर पाहता मुलीला जास्त संरक्षण. पण याचा दुसरा अर्थ असा, की मुलीला दोन वर्षं जास्त काळ संस्थेत ठेवता येत होतं. आणि १९८६ च्या कायद्यात ‘अनावर’ बालकांची तरतूद होती. पालकाने सांगायचं की मूल माझ्या ताब्यात राहत नाही. मुलगा अनावर म्हणजे चोऱ्या करतो. मुलगी अनावर म्हणजे काय? बहुधा कोणाबरोबर तरी बोलते, फिरते, पळून जाते. एकच शब्द, पण तो दोघांना वेगळ्या मापाने लागतो. मुलगा-मुलगी दोघांनाही अठरा हे एकच वय यायला २००० साल उजाडावं लागलं.

आता विज्ञान काय म्हणतं, ते थोडक्यात सांगतो. इथे मी ऐकीव बोलत नाही, पण सोपं करून बोलतो.

अमेरिकेत सेंट लुईस शहरात ली रॉबिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई होत्या. १९२० च्या दशकात ज्या ५२४ मुलांना तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात आणलं होतं, त्यांना त्यांनी तीस वर्षांनंतर शोधून काढलं. शेजारच्या साध्या १०० मुलांशी तुलना केली. १९६६ मध्ये पुस्तक निघालं. दोन गोष्टी सापडल्या, आणि दोन्ही एकदम लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, मोठेपणी ज्यांचं वागणं पक्कं समाजविघातक झालं, त्यांच्या बालपणात त्याची चिन्हं होती. दुसरी, बालपणी फार त्रासदायक असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी पुढे तसे झाले.

आमच्या तर्कशास्त्रात ही पहिल्या वर्गाची चूक आहे. सगळे कावळे काळे, म्हणून सगळे काळे पक्षी कावळे नव्हेत. बिघडलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बालपण वांड होतं, हे खरं असलं तरी प्रत्येक वांड मूल बिघडतं, हे खरं ठरत नाही. आपण गावात उलटं चालतो. एक उदाहरण बघतो आणि म्हणतो, बघा, लहानपणापासूनच तशी होती.

दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधला, ड्युनेडिन गावातला. १९७२-७३ साली तिथे जन्मलेल्या १०३७ मुलांना संशोधक आजपर्यंत पुन्हा पुन्हा भेटत आले आहेत. टेरी मॉफिट आणि अवशलोम कॅस्पी यांनी २००१ मध्ये मुलगे-मुली यांची तुलना मांडली. अगदी लहानपणापासून मोठेपणापर्यंत टिकणारा उपद्रव, हा प्रकार मुलींमध्ये फार दुर्मीळ. दहा मुलगे असतील तर एक मुलगी. पण फक्त वयात येतानाचा, तात्पुरता बंडखोरपणा मात्र मुलींतही जवळपास मुलांइतकाच. म्हणजे तुमच्या घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी दार आपटते, उलट बोलते, तर शक्यता कोणती जास्त? ती या दुसऱ्या गटातली असण्याची.

पण मी तुम्हाला गोड गोड सांगून घरी पाठवणार नाही. याच गावातल्या अभ्यासात हेही दिसलं, की पंधराव्या वर्षी ज्या मुलींचं वर्तन गंभीरपणे बिघडलेलं होतं, त्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत त्रास जास्त झाला. तब्येत खराब, व्यसन, लवकर घर मांडणं, मारणारा जोडीदार. म्हणजे दुर्लक्ष करा, वय झालं की होईल शहाणी, हेही सगळ्यांच्या बाबतीत चालत नाही. काही मुलींना खरोखर मदत लागते.

आणखी एक निष्कर्ष, मला सगळ्यात बोलका वाटलेला. ज्या मुली लवकर वयात आल्या, त्यांच्यातला उनाडपणा मुलांच्याबरोबर शिकणाऱ्या शाळांत वाढलेला दिसला, फक्त मुलींच्या शाळांत तेवढा नाही. यावरून लगेच मुलींची शाळा वेगळी काढा असं म्हणू नका. मुद्दा असा की मुलगी तीच, वय तेच, शरीर तेच, आणि वागणं सभोवतालाप्रमाणे वेगळं. वागणं एकट्या मुलीच्या पोटात नसतं.

आता मी माझ्या विषयावर येतो. न्यायशास्त्रात एक सुंदर कल्पना आहे, अन्यथासिद्ध. कुंभार मडकं करतो. माती हे कारण, चाक हे कारण, काठी हे कारण. पण माती वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी तिथे होतंच. मग गाढव मडक्याचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, गाढव नसतं तरी माती डोक्यावरून आणता आली असती, मडकं झालं असतं. म्हणून गाढव अन्यथासिद्ध. आधी असणं वेगळं, कारण असणं वेगळं.

आता हे आपल्या गावाला लावा. एक मुलगी आठवीत वांड होती. नववीत शाळा सुटली. पंधराव्या वर्षी लग्न. सतराव्या वर्षी मूल, अंगात रक्त नाही. विसाव्या वर्षी नवरा मारतो म्हणून माहेरी. गाव म्हणतं, लहानपणापासून तशीच होती, कुठेच टिकली नाही. यात कारण कोणतं आणि गाढव कोणतं?

चाचणी सोपी आहे. आठवीत अगदी गरीब गाय असलेली दुसरी मुलगी घ्या. तिचीही शाळा सोडवा, पंधराव्या वर्षी लग्न करा. तिचं काय होतं? बहुतेक तेच होतं. लवकर बाळंतपण, अशक्तपणा, हातात पैसा नाही, बोलायची सोय नाही. आता उलट करा. वांड मुलगी घ्या, पण शाळेत ठेवा, कान तपासा, डोळे तपासा, तिच्याशी बोला. तर? पुष्कळदा काहीच वाईट होत नाही. म्हणजे वांडपणा पूर्ण गाढव नाही, काही मुलींच्या बाबतीत तो थोडी माती आहे. पण चाक मात्र वेगळंच आहे. चाक आहे शाळा सुटणं आणि लवकर लग्न. आणि ते चाक फिरवणारे आपण.

हे फक्त तर्काने सांगत नाही. मराठवाड्याचा इतिहास बघा. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला, मुलीचं वय चौदा ठरलं. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. आपण निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, त्यानंतर तो आपल्याकडे आला. म्हणजे पुण्या-मुंबईत ज्या गोष्टीवर दोन पिढ्या वाद झाला, तो आपल्याकडे नीट झालाच नाही. १९७८ मध्ये वय अठरा झालं, २००६ मध्ये नवा कायदा आला. आणि आज? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के. आपल्या शेजारच्या बीडमध्ये ४० टक्क्यांच्या वर. परभणीत जवळपास निम्म्या.

याला फक्त परंपरा म्हणून चालणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा हिशोब वेगळा असतो. उचल मिळते ती जोडीला, कोयत्याला. आई-बाप सहा महिने कारखान्यावर, आणि वयात आलेली पोरगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? तिचं वागणं चांगलं असो की वाईट, भीती तीच. मग ती कोणाशी बोलताना दिसली की ‘वळण बिघडलं’ हे कारण पुरतं. खरं कारण उचल असतं, हंगाम असतो, वसतिगृह नसणं असतं. नाव मात्र पोरीचं होतं.

पण इलाज आपल्याच मातीत झालेला आहे. पैठण तालुक्यात पाचोड आहे. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या शेवटी खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. रोज संध्याकाळी साधारण तासभर. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका शिकवायच्या. शरीर, आहार, कायदा, बँक, पंचायत, आणि घरी आपलं म्हणणं कसं मांडायचं. काही वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं वय सोळाच्या आसपासून सतराच्या आसपास गेलं. एक वर्ष! तुम्हाला थोडं वाटेल. १८९१ मध्ये दोन वर्षांसाठी सगळा देश भांडला होता, हे आठवा. आणि इथे पोलीस नाही, खटला नाही, फक्त रोज एक तास.

मग आपण काय करायचं? मी उपदेशक नाही, पण एवढं सांगतो. कोणत्याही मुलीला वांड म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. तिला नीट ऐकू येतं का, दिसतं का, तिच्या अंगात रक्त आहे का? हे शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाकडून तपासून होतं, फुकट होतं. दुसरं, तिला कोणी त्रास देतंय का? घरात, रस्त्यात, एसटीत, वर्गात? अचानक चिडकी झालेली, शाळेला जायचं नाही म्हणणारी मुलगी पुष्कळदा काहीतरी लपवत असते, आणि जे लपवते ते तिचं पाप नसतं. तिसरं, तिला शाळेत टिकवायला काय लागेल? पास, वसतिगृह, शिकवणी, की फक्त कोणीतरी शांतपणे बोलणारं माणूस? आणि लग्न ठरत असेल तर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि १०९८ हा नंबर आहे. तो नंबर घरातल्या पोरींना पाठ असू द्या.

भाषणानंतर एका गृहस्थांनी प्रश्न विचारला, तोही इथे नोंदवतो. ते म्हणाले, “सर, म्हणजे पोरींना मोकळं सोडायचं का? उद्या काही झालं तर गाव आम्हाला विचारतं, तुम्हाला नाही.”

प्रश्न प्रामाणिक आहे. मी त्यांना म्हणालो, मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. सोडून देणं आणि उजवून टाकणं, दोन्हींत आपण तिच्याकडे बघायचं थांबतो. मी म्हणतो, बघत राहा. रागवा, हट्टाला नाही म्हणा, वेळेत घरी ये म्हणा. पण शाळा काढू नका. वागणं दोन वर्षांत बदलतं. काढलेली शाळा परत मिळत नाही. आणि गाव विचारतं म्हणता, तर गाव म्हणजे कोण? आज या सभागृहात बसलेले आपणच ना? मग आपण पुढच्या वेळी वेगळा प्रश्न विचारू. ‘तुमची पोरगी अशी का वागते’ याऐवजी विचारू, ‘तिची परीक्षा कधी आहे?’

माझ्या वर्गातल्या त्या मुलीला चाळीस वर्षांनी मी विचारलं होतं, तुला शाळा आवडायची का? ती म्हणाली, “गणित लई आवडायचं. ते फळ्यावर असायचं ना. ऐकायला लागायचं न्हाई.”

तिचं नाव मी फळ्यावर ज्या बाजूला लिहायचो, त्याच्या शेजारीच ते गणित असायचं.